रंधा धबधबा

महाराष्ट्र राज्याच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरा नदीवरील एक प्रसिद्ध धबधबा व प्रेक्षणीय स्थळ. अकोले तालुक्यात भंडारदरा जलाशयाच्या खालच्या अंगास सु. १० किमी. अंतरावर, शेंडी–राजूर मार्गाच्या जवळ तो आहे. उंची सु. ५२ मी. (१७० फूट). जुन्या वर्णनांत ती २०० फुटांपर्यंत दिलेली आढळते. कड्याच्या माथ्यावरील कोणत्या पायरीपासून आणि पायथ्याच्या डोहातील कोणत्या पातळीपर्यंत मोजणी केली, यावर असा फरक अवलंबून असतो. केवळ उंचीच्या दृष्टीने पाहता रंधा हा पश्चिम घाटातील फार मोठा धबधबा नव्हे. गोव्याच्या सीमेवरील दूधसागर (सु. ३१० मी.) किंवा कर्नाटकातील शरावती नदीवरील जोग ऊर्फ गिरसप्पा (सु. २५३ मी.) यांच्यापुढे तो ठेंगणाच ठरतो. सह्याद्रीतील बहुसंख्य धबधबे मात्र पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या लहान ओहोळांचे असतात, तर रंध्याला एक संपूर्ण नदी एकाच उडीत दरीत उतरते. जलप्रपात म्हणून त्याचे वैशिष्ट्य यातच आहे.

या धबधब्याचे दुसरे वैशिष्ट्य मानवनिर्मित आहे. १९२६ मध्ये त्याच्या वरच्या बाजूस धरण पूर्ण झाले आणि तेव्हापासून रंध्याला किती पाणी केव्हा यावे, हे पावसाबरोबरच जलाशयाच्या, कालव्यांच्या आणि पुढे वीजगृहांच्या हिशेबाने ठरू लागले. भंडारदऱ्याचा जलाशय आणि रंध्याचा प्रपात ही म्हणूनच दोन स्वतंत्र स्थळे नसून एकाच जलव्यवस्थेची दोन दृश्य अंगे आहेत. ही व्यवस्था ठाऊक असल्यास जुलैच्या भर पावसातही धबधबा कधी कृश का दिसतो आणि पाऊस ओसरल्यावर तो एकाएकी रौद्र का होतो, याचा उलगडा होतो.

भूरचना : हा सर्व प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावरील भेगांतून लाव्हारसाचे प्रचंड लोट बाहेर पडले आणि एकावर एक थिजत गेले. त्यांचे जवळजवळ आडवे थर सह्याद्रीच्या कड्यांत आजही पायऱ्यांसारखे स्पष्ट दिसतात. हे सर्व थर सारख्या कठीणपणाचे नाहीत. काही थर घट्ट व भरीव, तर काही वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेले व लवकर झिजणारे आहेत. दोन लोटांच्या दरम्यान पुष्कळदा तांबड्या मातकट खडकाचा पातळ थर आढळतो. तो सर्वांत आधी झिजतो. नदी कठीण थरावरून वाहत येऊन त्याच्या कडेशी पोहोचली, की खालचा मऊ थर पाण्याच्या माऱ्याने पोखरला जातो, वरचा कठीण थर आधार सुटल्याने तुटून पडतो आणि कडा उभाच्या उभा राहतो. या क्रियेत धबधबा नदीच्या उगमाच्या दिशेने अतिशय मंद गतीने मागे सरकत राहतो व त्याच्या खालच्या बाजूस अरुंद, खोल घळ तयार होते.

रंध्याच्या खाली प्रवरेने कोरलेली घळ अशा मागे सरकण्याची साक्ष देते. धबधब्याच्या वर नदीचे पात्र तुलनेने उथळ व पसरट असून त्यात खडकांचे उघडे पट्टे आढळतात. कड्याशी येताच पात्र आकसते आणि पाणी उभ्या भिंतींच्या दरीत कोसळते. पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी तळखडकात पडलेले रांजणखळगे पाणी कमी असताना पाहावयास मिळतात. पूर असताना हेच खळगे डोळ्यांआड होतात आणि पात्रात उतरणाऱ्यास घातक ठरतात.

नदी व पर्जन्य : प्रवरा ही गोदावरीची एक प्रमुख उपनदी होय. ती रतनगडाच्या परिसरात सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते आणि सु. २०८ किमी. वाहून नेवाशाजवळ प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. अकोले, संगमनेर ही गावे तिच्या काठी वसली आहेत. समुद्रमंथनाच्या कथेशी जोडली गेल्यामुळे तिला ‘अमृतवाहिनी’ म्हटले जाते. अकोले येथे तिच्या काठी अगस्ती ऋषींचे स्थान मानले जाते. नेवासे येथे, याच नदीच्या काठी, इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली.

नदीच्या उगमाकडील टापूत नैर्ऋत्य मोसमी पाऊस अतिशय जोरदार पडतो. कोकणातून वर चढणारे आर्द्र वारे कड्याला अडून थंड होतात आणि घाटघर, रतनवाडी या माथ्यावरील गावांच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिमी.च्या आसपास पाऊस पाडतात. भंडारदऱ्यापाशी हे प्रमाण सु. तीन हजार मिमी.वर येते आणि संगमनेरच्या आसपास जेमतेम पाचशे मिमी. उरते. पन्नास-साठ किमी.च्या टापूत पावसाचे प्रमाण असे एकदशांशावर यावे, हे पर्जन्यछायेचे ठळक उदाहरण आहे. भंडारदरा धरणाची कल्पना मुळात या विषमतेतून निघाली. डोंगरात चार महिन्यांत कोसळणारे पाणी साठवून ते अवर्षणग्रस्त पठारास उरलेल्या आठ महिन्यांत पुरवावे, हा तिचा आशय होता.

धरण व जलाशय : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळांनंतर नेमण्यात आलेल्या सिंचन आयोगाने (१९०१–०३) या भागात कायमस्वरूपी जलसाठ्यांवर आधारलेल्या कालव्यांची निकड मांडली. प्रवरा कालवे हे त्यानंतर हाती घेतलेल्या मोठ्या कामांपैकी एक होत. शेंडी गावापाशी, नदी दोन डोंगरांच्या दरम्यान आवळली जाते त्या ठिकाणी, १९१० मध्ये धरणाचे काम सुरू झाले व ते १९२६ मध्ये पूर्ण झाले. तत्कालीन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्यास ‘विल्सन धरण’ असे नाव देण्यात आले; जलाशयास ‘आर्थर सरोवर’ असे नाव आहे. लोकव्यवहारात मात्र ‘भंडारदरा’ हेच नाव रूढ आहे. दगडी बांधकामाच्या या धरणाची उंची सु. ८२ मी. (२७० फूट) असून बांधले गेले तेव्हा ते भारतातील सर्वांत उंच धरण मानले जात होते. १९६९ मध्ये बांधकामास तडे जाऊन गळती वाढल्याचे आढळून आले. त्यानंतर खालच्या बाजूस टेकूभिंती बांधून धरण बळकट करण्यात आले. धरणाच्या पायथ्याच्या बाजूने पाहिल्यास त्या आजही सहज ओळखू येतात.

जलाशयाची साठवणक्षमता सु. ११ अब्ज घ. फूट, म्हणजे सु. ३१ कोटी घ. मी. आहे. महाराष्ट्रात पाण्याच्या व्यवहारात जे ‘टीएमसी’ हे परिमाण रूढ आहे, त्याचा अर्थ एक हजार दशलक्ष, म्हणजे एक अब्ज घनफूट असा होतो. हे पाणी ज्या पाणलोटातून येते त्याचे क्षेत्र अवघे सु. १२० चौ. किमी. आहे. साठ्यास या क्षेत्राने भागल्यास सु. अडीच मीटर उत्तर येते. दुसऱ्या शब्दांत, संपूर्ण पाणलोटावर अडीच मीटर खोलीचे पाणी वाहून आले, तरच जलाशय भरतो. एवढ्या लहान पाणलोटावर एवढे मोठे धरण सामान्य पावसाच्या प्रदेशात निरर्थक ठरले असते. येथे ते बहुतेक वर्षी भरते, यावरून माथ्यावरील पावसाची कल्पना यावी.

जलाशयाच्या पश्चिमेस रतनगड, अलंग, मदन व कुलंग हे किल्ले आणि उत्तरेस महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) आहे. जलाशयाच्या वरच्या टोकास रतनवाडी येथे शिलाहारकालीन अमृतेश्वर मंदिर असून त्याचे कोरीव काम उल्लेखनीय आहे. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी या गावांवरून जलाशयास वळसा घालणारा रस्ता जातो. पावसाळ्यात या रस्त्याच्या दुतर्फा असंख्य लहान धबधबे दिसतात. साम्रदजवळ सांदण ही चिंचोळी खडकाळ दरी आहे. या टापूचा मोठा भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो.

छत्री धबधबा : धरणाच्या पायथ्याशी असलेला हा धबधबा ‘अंब्रेला फॉल’ या नावाने अधिक ओळखला जातो. धरणाच्या भिंतीत निरनिराळ्या पातळ्यांवर मोऱ्या ठेवलेल्या असून त्यांपैकी वरच्या पातळीवरील मोरीतून सोडलेले पाणी एका वाटोळ्या खडकावरून सर्व बाजूंनी पसरत खाली येते व उघडलेल्या छत्रीसारखा आकार धारण करते. हा प्रपात सर्वस्वी मोरीच्या झडपेवर अवलंबून असतो. झडप मिटली, की तो थांबतो. दृश्य नैसर्गिक वाटले, तरी त्यामागे पाणी सोडण्याचा निर्णय असतो, ही गोष्ट येथे जितकी उघड दिसते तितकी रंध्याला दिसत नाही. तत्त्वतः मात्र दोहोंची स्थिती सारखीच आहे.

धबधब्यातील शक्ती : सु. ५२ मी. उंचीवरून निर्वेध पडणाऱ्या पाण्यास खाली पोहोचण्यास सव्वातीन सेकंद लागतात आणि त्या वेळी त्याचा वेग सेकंदास सु. ३२ मी., म्हणजे ताशी सु. ११५ किमी. होतो. प्रत्यक्षात हवेच्या विरोधामुळे धारेचे तुकडे होऊन तुषार निर्माण होतात व वेग यापेक्षा कमी राहतो. प्रवाह मोठा असेल, तर मधली धार अखंड राहते आणि आघातही अधिक जोराचा होतो. म्हणूनच मोठ्या विसर्गाच्या वेळी धबधब्याचा आवाज केवळ मोठा न होता अधिक खर्जातला होतो आणि दरीतून उठणारे तुषार वरच्या कठड्यापर्यंत येतात.

नदीतील विसर्ग सामान्यतः ‘क्युसेक’मध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत, सांगितला जातो. एक घनफूट म्हणजे २८·३ लिटर. एक हजार क्युसेक प्रवाह रंध्याच्या उंचीवरून पडत असता त्यातील ऊर्जा सु. १४ मेवॉ. शक्तीइतकी भरते. धबधब्यात ही सर्व ऊर्जा आवाजात, तुषारांत, खडकाच्या झिजेत आणि मुख्यतः उष्णतेत रूपांतरित होते. पाण्याचे तापमान मात्र त्यामुळे एक अंश सेल्सियसच्या सु. आठव्या हिश्शानेच वाढते. भरलेल्या भंडारदरा जलाशयातून एक हजार क्युसेक पाणी अखंड सोडत राहिल्यास आणि नव्याने काहीच न आल्यास तो सु. १२८ दिवसांत रिता होईल. धबधब्याच्या दर्शनासाठी आलेल्यास सामान्य वाटणारा हा प्रवाह साठ्याच्या हिशेबात किती मोठा असतो, हे यावरून ध्यानात येते.

वीजनिर्मिती : धरणातून सिंचनासाठी सोडावयाच्या पाण्याची उंची वाया जाऊ नये, या हेतूने येथे दोन वीजगृहे उभारण्यात आली. पहिले (१२ मेवॉ.) धरणाच्या पायथ्याशी असून ते १९८० नंतरच्या दशकात सुरू झाले. दुसरे (३४ मेवॉ.) त्यापुढील दशकातील असून ते रंध्याजवळच्या उताराचा उपयोग करते. त्यासाठी धबधब्याच्या वरच्या बाजूस पाणी वळवून घेतले जाते व वीजनिर्मितीनंतर ते खालच्या बाजूस नदीत सोडले जाते. पूर्वी कालव्यांच्या आवर्तनाचे सर्व पाणी नदीच्या पात्रातूनच जात असल्यामुळे हिवाळ्यात व उन्हाळ्यातही आवर्तनाच्या काळात रंधा वाहता असे. दुसऱ्या वीजगृहानंतर या पाण्याचा मोठा भाग प्रपाताला बगल देऊन जाऊ लागला. आज रंध्याचे पूर्ण रूप दिसते ते वीजगृहांची गरज भागवून पाणी उरते तेव्हा, म्हणजे प्रामुख्याने धरण भरून सांडव्यावरून विसर्ग होत असताना.

जलाशयाच्या पश्चिम टोकास याच तत्त्वाचा उलटा प्रयोग पाहावयास मिळतो. घाटघर उदंचन जलविद्युत् प्रकल्पात (२५० मेवॉ., २००८) सह्याद्रीच्या माथ्यावरील एका जलाशयातून पाणी कोकणातील दुसऱ्या जलाशयात सोडून विजेच्या मोठ्या मागणीच्या वेळी वीज निर्माण करतात आणि मागणी कमी असताना तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवितात. कड्यावरून पडणे हा पाण्याचा धर्म. त्याला दररोज पुन्हा कड्यावर नेऊन ठेवणे, हे येथील स्थापत्याचे कार्य होय.

लाभक्षेत्र : रंध्याखालच्या घळीतून बाहेर पडलेले पाणी आता निळवंडे धरणात येते. या धरणाची (सु. ८·३ अब्ज घ. फूट) योजना १९७० च्या सुमारास आखली गेली; परंतु जागेतील बदल, पुनर्वसन व निधीची टंचाई यांमुळे काम दीर्घकाळ रेंगाळले. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये झाले. निळवंड्याच्या खाली ओझर येथील बंधाऱ्यापासून प्रवरेचे जुने डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या तालुक्यांतील ऊस व फळबागा मोठ्या प्रमाणावर या पाण्यावर उभ्या आहेत. बेलापूरजवळ हरेगाव येथील खाजगी साखर कारखाना या कालव्यांच्याच आश्रयाने वाढला. पुढे लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० पासून तो सुरू झाला. महाराष्ट्रातील सहकारी साखर उद्योगाच्या इतिहासात त्यास अग्रस्थान आहे. ग्रामीण महाराष्ट्राच्या अर्थकारणाला व राजकारणाला वळण देणाऱ्या या घडामोडींचा एक धागा असा भंडारदऱ्याच्या भिंतीपर्यंत पोहोचतो.

अलीकडे या पाण्यावरील हक्काचा प्रश्न गोदावरी खोऱ्यापर्यंत विस्तारला आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा (२००५) आणि प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश यांनुसार, पैठणच्या जायकवाडी जलाशयात पुरेसा साठा नसेल, तर नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागते. त्यांत प्रवरेवरील धरणांचाही समावेश होतो. अशा वर्षी एकाच पाण्यावर नगरचा ऊस, मराठवाड्यातील शेती आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व अन्य नगरांचा पाणीपुरवठा या सर्वांचा दावा असतो.

लोक : जलाशयाच्या काठची वस्ती मुख्यतः महादेव कोळी व ठाकर या आदिवासी समाजांची आहे. इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड उभारणारे व १८४८ मध्ये ठाणे येथे फाशी गेलेले राघोजी भांगरे हे याच तालुक्यातील देवगावचे. भात, नाचणी, वरई ही येथील प्रमुख पिके असून हिरडा गोळा करणे हे पूरक उत्पन्नाचे साधन आहे. धरणामुळे दरीच्या तळातील सपाट व सुपीक भातखाचरे पाण्याखाली गेली आणि लोकवस्ती उतारांवर सरकली. जलाशय उशाशी असूनही उंचावरील वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते, कारण कालव्याचे पाणी उताराने खाली जाते, वर चढत नाही. पर्यटनामुळे अलीकडे निवास, भोजन व वाटाड्याचे काम यांतून काही उत्पन्न मिळू लागले आहे. परंतु ते हंगामी आहे. धबधबा व जलाशय पाहणाऱ्याने या गावांतच राहावे व जेवावे, यात सोयीइतकाच न्यायाचाही भाग आहे.

दर्शनाचा काळ : जून महिन्याच्या अखेरीपासून डोंगरातील ओहोळ वाहू लागतात व लहान धबधबे सुरू होतात. जुलैमध्ये पाऊस सर्वाधिक असला, तरी येणारे बहुतेक पाणी धरणात अडविले जाते. रंध्याला त्या वेळी मधल्या टापूतील ओढ्यानाल्यांचे पाणी आणि धरणातून सोडलेले असेल तेवढेच येते. जलाशय सामान्यतः ऑगस्टच्या मध्यापर्यंत भरतो आणि सांडव्यावरून विसर्ग सुरू झाला, की रंधा एका रात्रीत पालटतो. सर्वाधिक पावसाचा महिना आणि धबधब्याच्या ऐन भराचा महिना यांत असे अंतर पडते. धबधबा पाहण्यासाठी ऑगस्टचा उत्तरार्ध व सप्टेंबर हा काळ म्हणून उत्तम होय. ऑक्टोबरपासून तो झपाट्याने ओसरतो. परंतु या काळात घळीची रचना, खडकांचे थर व रांजणखळगे नीट पाहता येतात. मेअखेर व जूनच्या आरंभी जलाशयाच्या परिसरातील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ इ. वृक्षांवर काजव्यांचे थवे चमकताना दिसतात. ते पाहण्यासाठी रात्री होणारी गर्दी, वाहनांचे झोत व गोंगाट यांमुळे काजव्यांच्या मीलनात व्यत्यय येतो. दिवे मालवून व अंतर राखूनच ते पाहावेत.

मुंबईहून इगतपुरी–घोटी मार्गे आणि पुण्याहून संगमनेर–अकोले–राजूर मार्गे येथे येता येते. इगतपुरी हे सोयीचे रेल्वे स्थानक सु. ४५ किमी.वर आहे. मुक्कामास शेंडी सोयीचे होय. धरण व छत्री धबधबा आधी पाहून नंतर नदीच्या प्रवाहाबरोबर रंध्यास यावे, म्हणजे वर पाहिलेल्या विसर्गाचा परिणाम खाली पडताळता येतो. धबधब्याजवळ घोरपडादेवीचे मंदिर आहे. प्रपात समोरच्या काठावरील कठड्यामागून पाहावा लागतो.

दक्षता : बेसाल्टचा ओला खडक शेवाळामुळे अतिशय निसरडा होतो. कड्याच्या माथ्यावर घोटाभर दिसणारा प्रवाहही माणसाचे पाऊल उचलण्यास पुरेसा असतो. धरणाखालच्या नदीचा विशेष धोका असा, की स्थानिक पाऊस थांबलेला असतानाही वरून विसर्ग वाढविल्यास पाण्याची पातळी थोड्या वेळात चढते. आकाश निरभ्र आहे, म्हणून नदी सुरक्षित आहे, हा समज येथे लागू पडत नाही. विसर्गाच्या सूचना व भोंगा यांकडे दुर्लक्ष करू नये; पात्रात, कड्याच्या धारेवर किंवा कठड्यापलीकडे जाऊ नये. खालच्या डोहात भोवरे असून बुडालेले खडक दिसत नसल्यामुळे तेथे पोहणे प्राणघातक ठरते. छायाचित्राच्या मोहाने कड्याच्या धारेवर जाणे, हे धबधब्यांवरील अपघातांचे एक मोठे कारण आहे.

धबधब्याच्या पाण्याचा प्रश्न : विजेसाठी वळविलेल्या धबधब्यास काही पाणी राखून ठेवावे काय, हा प्रश्न जगात इतरत्रही उपस्थित झालेला आहे. नायगारा नदीचे पाणी वीजनिर्मितीसाठी वळविताना अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा यांनी १९५० च्या करारान्वये पर्यटनाच्या हंगामात दिवसा किमान एक लाख क्युसेक व अन्य वेळी किमान पन्नास हजार क्युसेक पाणी धबधब्यावरून जाऊ देण्याचे बंधन स्वीकारले. जोग धबधब्याचा प्रवाहही वरच्या लिंगनमक्की धरणामुळे (१९६४) पावसाळा सोडल्यास क्षीण झाला आहे.

रंध्याच्या बाबतीत या प्रश्नाचा विचार करताना एक भेद स्पष्ट ठेवणे इष्ट आहे. धबधब्यावरून सोडलेले पाणी शेतीला मुकत नाही. ते खाली निळवंडे जलाशयातच पोहोचते. सोडावी लागते ती फक्त त्या उंचीतून मिळणारी वीज. सेकंदास एक घ. मी. इतका प्रवाह दहा तास रंध्यावरून जाऊ दिल्यास, धबधब्याच्या उंचीपुरता हिशेब करता, सु. चार हजार युनिट विजेचा त्याग करावा लागेल. हा त्याग करावा की नाही, याचे उत्तर केवळ अभियंत्याने किंवा केवळ पर्यटकाने द्यावयाचे नाही. नदीच्या वळविलेल्या भागातील मासे व अन्य जलचर, काठावरील झाडे, धबधब्याच्या आधाराने पोट भरणारी गावे आणि विजेची गरज असलेली दूरची नगरे या सर्वांचा त्याच्याशी संबंध आहे. पाणी आणि वीज या दोन गोष्टींचा हिशेब वेगवेगळा मांडला, तर ‘शेतकऱ्याचे पाणी की प्रेक्षकाचे सौंदर्य’ असा जो विरोध उभा केला जातो तो खरा नाही, एवढे तरी दिसून येते.

रंध्यावर कोसळणारी नदी सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाची, दरीत बुडालेल्या खाचरांची आणि शंभर किमी. पूर्वेकडील उभ्या पिकांची एकाच वेळी असते. धबधबा भरून वाहतो त्या दिवशी या सर्वांची त्या वर्षापुरती बेगमी झालेली असते. तो आटलेला असेल, तर पाणी दुसऱ्या वाटेने कामास लागलेले असते किंवा धरण भरावयाचे राहिलेले असते. यांपैकी कोणते कारण आहे, हे ओळखता आले, म्हणजे आटलेल्या रंध्याची भेटही व्यर्थ जात नाही.